जंप टेबल : शाखा-निवडीच्या एका युक्तीचा इतिहास

१८५४ साली ठाण्याकडून आलेला लोहमार्ग कल्याणला पोहोचला. पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या, एक कसाऱ्याकडे व दुसरी कर्जतकडे. दोन वाटांस एक सांधा पुरतो. सोळा वाटांसाठी सांधे एकाच रांगेत मांडले, तर शेवटच्या वाटेच्या गाडीस पंधरा सांधे ओलांडावे लागतील. गणकयंत्राच्या आज्ञावलीपुढील प्रश्न याच स्वरूपाचा आहे.

आरंभीच्या यंत्रांत आज्ञा व आकडे एकाच, पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीत राहत. केंब्रिजच्या मूळ एड्सॅकमध्ये (१९४९) आज्ञावली स्वतःच्याच आज्ञेतील पत्ता बदलून हवी तेथे उडी घेई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेले टिफ्रॅक हेही स्मृतीतील आज्ञांवर चालणारेच यंत्र होते. दरम्यान १९५७ च्या फोर्ट्रानने क्रमांकावरून गंतव्य निवडणारी आज्ञा दिली, तर १९६० च्या आल्गोलने ‘स्विच’.

मायक्रोकंट्रोलरमुळे परिस्थिती पालटली. इंटेलच्या ८०५१ मध्ये (१९८०) आज्ञावली ४ किलोबाइटच्या कायम स्मृतीत कोरलेली असे. चालता चालता ती बदलणे अशक्य. म्हणून एड्सॅकचा मार्ग येथे बंद झाला, व संचयकातील क्रमांक सोळा-बिटी निर्देशकात मिळवून तेथे उडी घेणारी स्वतंत्र आज्ञा त्याच्या जागी आली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमामुळे ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांस हे यंत्र परिचित झाले.

या युक्तीचे मोल आकड्यांनी स्पष्ट होते. १२ मेगाहर्ट्झ गतीवर तुलना करून वळण्याच्या एका आज्ञेस २ मायक्रोसेकंद लागतात. सोळा पर्यायांच्या रांगेत पहिल्यास २, तर शेवटच्यास ३२. सारणीत मर्यादा-तपासणीस ४, क्रमांक दुप्पट करण्यास १, निर्देशक भरण्यास २, उडीस २ व सारणीतील उडीस २, असे एकूण ११. आणि हे प्रत्येक पर्यायास सारखेच. पर्याय पाचांपर्यंत असतील, तर मात्र रांगच स्वस्त ठरते.

तपासणीचे ४ मायक्रोसेकंद वाचविण्याचा मोह घातक होय. क्रमांक मर्यादेबाहेर गेल्यास यंत्र सारणीपलीकडील बाइट हीच आज्ञा समजून पाळू लागते. सारांश, जंप टेबलचे खरे महत्त्व वेगापेक्षा कालनिश्चितीत आहे. चालत्या यंत्राचे नियंत्रण करणाऱ्यास सरासरी वेळेपेक्षा अधिकात अधिक किती वेळ लागेल, हेच आधी ठाऊक असावे लागते.