बीबी ज्युलियाना : एका स्त्रीच्या वंशवृत्ताचा मागोवा

मोगल दरबारात मानाचे स्थान मिळविणाऱ्या मोजक्या कॅथॉलिक स्त्रियांमध्ये दोना ज्युलियाना दियास द कोस्ता हिचे नाव अग्रभागी आहे. औरंगजेबाचा पुत्र शाहजादा मुअज्जम याच्या परिवारात ती सेवेत होती. पित्याने मुअज्जमला १६८७ ते १६९५ या काळात कैदेत ठेवले, तेव्हाही तिने त्याची साथ सोडली नाही. पुढे १७०७ मध्ये तो बहादुरशाह या नावाने तख्तावर आला आणि ज्युलियानाच्या निष्ठेचे चीज झाले. १७३४ च्या सुमारास दिल्लीत तिचे निधन झाले. दिल्लीतील ओखल्याजवळचे ‘सराय जुलेना’ हे गाव आजही तिच्या नावाने ओळखले जाते. कॅथॉलिकांना परिचित असलेले होली फॅमिली हॉस्पिटल याच परिसरात आहे.

माहेर : दोन परंपरा

इतकी नामांकित स्त्री, परंतु तिचे माहेर कोणते, या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. एका परंपरेनुसार तिचे कुटुंब बंगालमधील हुगळीचे. १६३२ मध्ये शाहजहानच्या सैन्याने ही पोर्तुगीज वसाहत जिंकली व अनेक ख्रिस्ती कुटुंबांना कैद करून आग्र्यास नेले. त्यांत तिचे घराणे होते, असे ही परंपरा सांगते. दुसरी परंपरा तिचे वडील आगुस्तीन्यू दियास द कोस्ता यांना मूळचे कोचीनचे मानते.

तिचा जन्म साधारणपणे १६५८ च्या सुमारास झाल्याचे सांगितले जाते. हे वर्ष धरले, तर हुगळीच्या पाडावाच्या वेळी तिचा जन्मही झालेला नव्हता. साहजिकच, हुगळीची कथा तिच्या आईवडिलांच्या पिढीला लागू पडू शकते, तिला स्वतःला नव्हे. वंशवृत्त शोधताना वर्षांची अशी साधी वजाबाकी पुष्कळ गैरसमज दूर करते.

साधनांची पारख

ज्युलियानाविषयीची साधने दोन प्रकारची आहेत. पहिली समकालीन. १७११ मध्ये योहान केटेलार याच्या नेतृत्वाखाली डच वकिलात लाहोरला बहादुरशाहच्या दरबारी आली. त्या वकिलातीच्या वृत्तांतात तिचा उल्लेख येतो. १७१४ मध्ये दिल्लीहून तिबेटच्या मोहिमेवर निघालेले येशूसंघीय धर्मगुरू इप्पोलितो देसिदेरी यांचाही तिच्याशी संबंध आला होता.

दुसरी साधने नंतरची व घराण्यातून आलेली. फ्रेंच अधिकारी कर्नल जाँ बाप्तिस्त जेंतील याने १७७२ मध्ये तिच्या नात्यातील तेरेझा व्हेल्यो हिच्याशी विवाह केला. त्याच्याच प्रेरणेने ज्युलियानाचा फारसी वृत्तांत लिहिला गेला. घराण्याने जपलेली आठवण मोलाची असते. मात्र ती गौरवासाठी लिहिलेली असल्याने समकालीन नोंदींशी ताडून पाहावी लागते.

आणखी एक अडचण आहे. तिच्या पश्चात ‘ज्युलियाना’ हे नाव पदवीसारखे झाले व घराण्यातील पुढच्या स्त्रियांकडे गेले. त्यामुळे नंतरच्या उल्लेखातील ज्युलियाना नेमकी कोणती, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

आपल्या घरातील शोध

ज्युलियानाविषयी निदान दरबारी कागद आहेत. आपल्या पणजीविषयी काय आहे? अनेक घरांत पुरुषांच्या सात पिढ्या तोंडपाठ असतात, पण त्यांच्या पत्नींची माहेरची नावे कोणास ठाऊक नसतात. येथे ख्रिस्तसभेच्या नोंदवह्या साहाय्यास येतात. ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये विवाहाची व स्नानसंस्काराची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदीचीही व्यवस्था केली. राजदरबारात जिला स्थान नव्हते, त्या मोलकरणीचेही नाव या वहीत येऊ शकते, ही या नोंदींची थोरवी होय.

शोध मृत्यूच्या नोंदीपासून मागे न्यावा. तेथून विवाहाची नोंद पाहावी. विवाह बहुधा वधूच्या धर्मग्रामात होत असल्याने ती नोंद माहेरचा पत्ता देते. माहेरच्या धर्मग्रामात मग स्नानसंस्काराची नोंद शोधावी. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या आदेशानुसार विवाहाची माहिती स्नानसंस्काराच्या नोंदीतही लिहिली जाऊ लागली. म्हणून समासातील टिपणे अवश्य वाचावीत. लॅटिन नोंदींत ‘फिलिया’ म्हणजे कन्या, ‘उक्सोर’ म्हणजे पत्नी व ‘विदुआ’ म्हणजे विधवा. पोर्तुगीज रीतीत स्त्री पतीचे आडनाव घेईलच असे नव्हते. काही वेळा ती आईचे वा आजीचे आडनाव लावी. आडनाव निराळे दिसले म्हणून नोंद परकी समजू नये.

१९८३ च्या कॅनन लॉमधील नियम ५३५ प्रमाणे धर्मग्रामातील जुन्या वह्याही काळजीपूर्वक जतन करावयाच्या आहेत. त्या जीर्ण असल्याने प्रमुख धर्मगुरूंच्या अनुमतीनेच व कोरड्या, स्वच्छ हातांनी हाताळाव्यात.

शोधात कधी दास्य, कधी अनाथपण, कधी पित्याच्या नावाची रिकामी जागा समोर येईल. ती लपवू नये. संत मत्तयने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ व उरियाची पत्नी यांना वगळले नाही. ज्या स्त्रियांनी आपल्यापर्यंत श्रद्धा पोहोचविली, त्यांची नावे आपणही वगळू नयेत. घरातील वयोवृद्ध आजी हयात असतील, तर त्यांच्या आईचे व आजीचे नाव, गाव आणि धर्मग्राम आजच विचारून लिहून ठेवावे.