तळटीप : कृत्रिम स्नायू

* विजेवर चालणारा स्नायू. यात मोटार नाही की दातेरी चाकं नाहीत. प्लास्टिकची पातळ पिशवी, आत तेल, दोन्ही अंगांना विद्युतवाहक थर. काही हजार व्होल्टचा दाब दिला की थर एकमेकांकडे ओढले जातात, तेल सरकतं, पिशवीचा आकार बदलतो. २०१८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच स्नायूंच्या यंत्रहाताने कच्चं अंडं न फोडता उचलून दाखवलं. लेखकाला हा यंत्रहात यवतमाळच्या पऱ्हाटीत कापूस वेचायला हवा आहे. कल्पना वेडगळ नाही. पण बोंडं एकदम फुटत नाहीत, वेचे तीन-चार होतात, आणि वाळल्या बोंडाच्या टोचऱ्या टोकांतून पाल्याचा चुरा न येऊ देता कापूस ओढणं, हे वेचणाऱ्या बायांचं कसब लेखकाने फारच स्वस्तात काढलं आहे. — संपादक