बाटलीवरील तारखेचा अर्थ
बिअरच्या बाटलीवरील तारीख ही केवळ व्यापारी सोय नव्हे. तिच्यामागे यीस्टचा इतिहास आहे. बाटलीत जिवंत यीस्ट व थोडी शर्करा ठेवली म्हणजे किण्वन तेथेच चालू राहते आणि आतील प्राणवायूही शोषला जातो. १८७६ साली लुई पाश्चर यांचा बिअरविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे उष्णतेने जंतुनाश व गाळण या क्रिया रूढ झाल्या. नितळ बिअर दूरवर पोहोचू लागली खरी. परंतु तिचे रक्षण करणारे यीस्ट उरले नाही. अशा बिअरचे वय म्हणजे बहुधा ऱ्हासच. याउलट बेल्जियममधील ऑर्व्हाल मठाच्या बिअरमध्ये ब्रेटानोमायसीस हे यीस्ट महिनोगणती चव पालटीत राहते. तेथे बाटली भरल्याची तारीख परिपाकाची साक्ष देते. तेव्हा तारखेचा अर्थ लावण्यापूर्वी बाटलीत यीस्ट जिवंत आहे काय, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे.