वस्तूचा पत्ता : रुमालापासून एक्सेलपर्यंत

आजचा विषय ऐकायला साधा आहे: वस्तू कुठे ठेवली, हे लिहून ठेवण्याचा इतिहास.

आमच्या मंगरूळपीरकडे सोयाबीनच्या हंगामात स्पेअर पार्टच्या एखाद्या दुकानात जाऊन बघा. पीक कापून पडलंय, आभाळ भरून आलंय आणि नेमका थ्रेशरचा बेल्ट तुटलाय. बेल्ट गोदामात असतो, पण कुठल्या रॅकवर, ते एकाच जुन्या माणसाला ठाऊक. "मले सारं मालूम हाय," तो म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण तो लग्नाला गेला की माल असूनही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जातं.

हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. हजारो कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद! रियासतकार गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. अशा ढिगात कागदाला पत्ता लागतो, आणि तो पत्ता म्हणजे रुमालाचा नंबर. कागदात काय आहे ही एक माहिती, तो कुठे आहे ही दुसरी. दोन्ही लिहिल्या, तरच दुसऱ्या माणसाला तो सापडतो.

कारखान्यांत हेच काम बिन कार्डानं केलं. कप्प्याला अडकवलेलं कार्ड, त्यावर आवक, जावक, शिल्लक. अडचण एकच: कार्ड वाचायला कप्प्यापर्यंत चालत जावं लागतं. म्हणजे कप्पा आधी माहीत हवा!

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं. एक आकडा बदलला की बाकीची बेरीज आपोआप बदलायची. ते हिशेबासाठी होतं. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल. पण आडव्या-उभ्या रकान्यांची वही दुकानदाराला आधीच सवयीची, त्यामुळे गोदामंही त्यात शिरली.

इथे एक मेख आहे. एक्सेल आपल्या मनानं अर्थ लावतं. पार्ट नंबर ३-१२ टाइप केला की त्याची तारीख होते, ००४५ चं नुसतं ४५ होतं. याच सवयीपायी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही मानवी जीन्सची नावंच बदलली! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या फाइल फॉरमॅटच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे कोरोनाच्या जवळजवळ १६,००० केसेस वेळेवर मोजल्याच गेल्या नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तरी छोट्या गोदामाला महागडं सॉफ्टवेअर घ्या असं सांगणार नाही. पार्ट नंबरचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा. प्रत्येक कप्प्याला पत्ता द्या: ब-०३-०२, म्हणजे ब रॅक, तिसरा कप्पा, दुसरा डबा. तोच पत्ता कप्प्यावर रंगवा. एक पार्ट दोन जागी असेल तर दोन ओळी लिहा. आणि वस्तू हलली की त्याच मिनिटाला शीट बदला, मोबाइलवरून का होईना. ही शेवटची शिस्त कुठलंही सॉफ्टवेअर लावून देत नाही.

त्या जुन्या माणसाला मात्र शेजारी बसवूनच शीट भरा. पहिली नोंदवही त्याच्या डोक्यातच आहे.

तुमच्या घरी किंवा दुकानात असं 'सारं मालूम' असलेलं माणूस कोण आहे? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!