वल्हे, दोर आणि घंटा

होडी वल्हवायला दोन हात लागतात आणि मासा धरायलाही दोन लागतात. माणसाला हात दोनच. चालत्या होडीमागे लांब दोर सोडायचा आणि त्याच्या टोकाचे आमिष पाण्यातून ओढत न्यायचे, ह्या मासेमारीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. तिचा इतिहास म्हणजे पुष्कळसा ह्या एका अडचणीचाच इतिहास आहे. कयाकसारख्या चिंचोळ्या, एकट्याच्या होडीत बसून तळ्यातला मासा धरायला तुम्हाला शिकायचे असेल, तर तो आधी जाणून घ्या. निम्मी शिकवणी त्यातच होऊन जाते.

शब्द मात्र ह्या अर्थाहून जुना. इंग्लंडात १६८२ साली रॉबर्ट नॉब्ज ह्याने ह्याच विषयावर एक पुस्तक छापले. त्या काळी ट्रोलिंग म्हणजे काय, तर पाइक नावाच्या दांडग्या, हावरट माशासाठी मेलेली मासळी गळाला लावून ती काठीने पाण्यात खालीवर खेळवायची. आमिषात जीव आणायचा तो मनगटाने. पुढे हे मनगटाचे काम होडीकडे गेले.

ते कसे गेले हे पाहायचे तर इंग्लंडातल्याच विंडरमियर तळ्यावर चला. लांबट, साठ मीटरांहून खोल असे हे तळे. हिमयुग ओसरल्यापासून त्यात ‘चार’ हा मासा राहत आला आहे (आकडा नव्हे बरं का, माशाचं नावच तसं!). त्याला थंड पाणी लागते, म्हणून उन्हाळ्यात तो खोल जातो. तिथल्या कोळ्यांनी युक्ती काढली ती अशी. होडीच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबलचक काठी आडवी काढायची. प्रत्येकीवरून एक मुख्य दोर खाली सोडायचा आणि त्याच्या टोकाला शिशाचे वजन बांधायचे. ह्या दोराला थोड्याथोड्या अंतरावर फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला पितळेचे किंवा तांब्याचे चकचकीत भिरभिरे. मग सावकाश वल्हवत राहायचे. हात तर वल्ह्यांत गुंतलेले, मग मासा लागल्याचे कळणार कसे? काठीच्या शेंड्याला घंटी बांधायची! बैलाच्या गळ्यात असते तेवढीशी. ती वाजली की वल्ही सोडून दोराकडे धावायचे.

घंटीचे कौतुक सगळेच करतात. मला स्वतःला अधिक नवल वाटते ते वेगाचे. हात मंदावला की शिसे खाली बसते आणि भिरभिरी तळाच्या चिखलाकडे जातात. हात चालवला की सगळा सरंजाम वर उचलला जातो. म्हणजे मासा ज्या खोलीवर असेल तिथे आमिष ठेवायचे, ते वल्ह्याच्या लयीने! ही विद्या असलेली माणसे आता थोडी उरली, आणि मासाही. तळ्यात सांडपाण्याबरोबर येणारी खते-क्षार वाढली, पाणी कोमट होऊ लागले, आणि गेल्या काही दशकांत हा मासा फार घटला.

अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल ह्याने १८५२ साली चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट घेतले. त्याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, चमचा पाण्यात डुलतो हे खरे.

पण डुलण्याचे मर्म ओळखले ते फिनलंडच्या लाउरी रापालाने. पेइयेन्ने तळ्यावर मासे धरून पोट भरणारा हा माणूस, घरी बायकामुले, आणि काळ १९३० नंतरच्या मंदीचा. होडीत एकट्याने वल्हवत असताना त्याने एक गोष्ट हेरली. थव्यातला जो लहान मासा लंगडतो, जरा कलंडून पोहतो, नेमका त्यालाच मोठा मासा उचलतो. मग १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि छायाचित्रांच्या फिल्मा वितळवून त्याचा लेप दिला. तोंडाशी एक तिरपे पाते बसवले. होडीने ओढले की पाणी त्या पात्यावर दाबते आणि खोटा मासा लंगडू लागतो. हौसेचे खेळणे नव्हते ते. त्यावर घर चालायचे होते. अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला तो १९६२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख आल्यावर. मौज म्हणजे तो अंक मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा, म्हणून घरोघर गेला, आणि तिच्याबरोबर हा बुचाचा मासाही!

आता कयाक. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांची ही होडी, लाकडाच्या सांगाड्यावर कातडे ताणून केलेली, शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाची. तिच्यातून शिकार व्हायची ती भाल्याने. सीलला मारायच्या भाल्याची दोरी शिकाऱ्यापुढेच, होडीच्या पाठीवर, वेटोळे करून ठेवलेली असे. हे ‘पुढेच’ लक्षात ठेवा. १८६५ साली जॉन मॅग्रेगर हा स्कॉटिश गृहस्थ अशाच धर्तीच्या लाकडी होडीतून युरोपातल्या नद्या हिंडला. त्याच्या पुस्तकाने हौशी लोकांना ह्या प्रवासाचे वेड लावले. नावेतला वल्हेकरी मागे तोंड करून बसतो, तसा हा बसत नाही. त्याचे तोंड पुढे.

तुमची खरी अडचण इथेच आहे. साध्या होडीतल्या रापालाला आपला दोर समोर दिसत होता. कयाकमध्ये तो तुमच्या पाठीमागे असतो. म्हणून काठी पाठीमागे खोचू नका. गुडघ्यांच्या पुढे, वल्ह्याला अडणार नाही अशी, शेंडा बाजूला कलता ठेवून बसवा. तो शेंडा हीच तुमची घंटी. आमिष नीट पोहत असेल तर शेंडा एकसारखा थरथरतो. थरथर थांबली तर शेवाळ अडकले समजा, आणि दोर ओढून साफ करा. रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग पुरे. वळण मोठे घ्या. आतल्या बाजूचा दोर मंदावून खाली जातो, बाहेरचा वेग घेतो, आणि पुष्कळदा मासा लागतो तो ह्या वळणावरच.

सुरुवातीला दोर एकच सोडा. वल्हे होडीला दोरीने बांधलेले असू द्या आणि अंगात तरंगते जाकीट असल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. मासा लागला की वल्हे आडवे ठेवा, काठी उचला आणि अंग मधोमध राखा. थोडा वेळ मासाच तुम्हाला ओढत नेईल. नेऊ द्या. तो दमला की कुशीला घ्या, आणि जाळीत घेताना बाहेर वाकू नका. हात लांब करा, डोके होडीच्या काठाच्या आतच ठेवा.