श्रोत्याचा इतिहास

आंबेडकरी गीताचा इतिहास सांगताना आपण कवीचे नाव घेतो, गायकाचे घेतो. त्याच्या श्रोत्याचा इतिहास मात्र राहून जातो. हा श्रोता कोणत्याही कंपनीने दिलेला नाही. तो चळवळीने घडवला, आणि नाशिक जिल्ह्याचा त्यात मोठा वाटा आहे.

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या काळात सभेचा विचार निरक्षर माणसापर्यंत नेला तो जलशांनी. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. सत्यशोधक जलशांचा वारसा त्यांच्यापाशी होता. लोकांना ठाऊक असलेला तमाशाचा साचा त्यांनी घेतला, त्यातल्या शृंगाराला फाटा दिला आणि तिथे शिक्षण, मंदिरप्रवेश, मृतमांसत्याग हे प्रश्न आणले. ओळखीच्या चालीवर नवा विचार आला, म्हणून माणूस बसून राहिला.

वामनदादा कर्डक 1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मले. शाळा लाभली नाही; अक्षरओळख मुंबईत, तरुणपणी झाली. 1943 पासून ते गीते लिहू लागले आणि 2004 साली नाशिकात त्यांचे निधन होईपर्यंत गात राहिले. त्यांची गाणी वस्तीवस्तीतल्या गायन पार्ट्यांनी उचलली. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर घेतलेली गाण्यांची चोपडी गावी गेली की तिथला श्रोताच गायक होई. पुढे कॅसेट आली, तरी प्रसाराची ही रीत टिकली: ऐकणाऱ्याने पुढच्याला ऐकवायचे.

आज आपले विद्यार्थी मोबाइलवर गीतांच्या याद्या करतात आणि श्रोते कसे वाढतील, असे मला विचारतात. उत्तर याच इतिहासात आहे. नुसता आकडा वाढला म्हणजे श्रोता घडला असे होत नाही. यादी जयंतीच्या मंडळात, वसतिगृहात, वाचनालयात एकत्र बसून ऐकली पाहिजे. गाण्यावर बोलले पाहिजे. गावातल्या गायन पार्टीचा आवाज नोंदवून तिच्या नावासह यादीत घेतला पाहिजे.

नावाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वामनदादांनी कित्येक गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा गुंफली. कागद हरवला, चाल बदलली, तरी कवी गाण्यातच राहिला. आता तीस सेकंदांच्या तुकड्यात शेवटचे कडवे गळते आणि कवीही गळतो. गायकाचे नाव ठळक आणि कवीचे नाव नाही, असे अनेक ठिकाणी दिसते. ज्यांना शतकानुशतके नाव नाकारले गेले, त्यांच्या गाण्यातून नाव जाणे ही किरकोळ चूक मानता येणार नाही.

म्हणून यादी करणाऱ्याने गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत ठेवावे, आणि कवी, गायक, चाल यांची नोंद करावी. हजारांनी अर्धे ऐकण्यापेक्षा पन्नासांनी पुरते ऐकावे. ते पन्नास पुढे गातील.