ईपीओ जीन म्हणजे काय? किडनी बिघडली की रक्त का कमी होतं?

किडनीचा आजार जुना झाला की रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन बरेचदा कमी येतं. मग घरचे विचारतात, बिघाड किडनीत आहे, तर रक्त का कमी झालं? याचं एक मोठं कारण म्हणजे ईपीओ जीन. चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

ईपीओ म्हणजे काय?

हा जीन आपल्या 7 व्या क्रोमोसोमवर असतो. त्यावरून एरिथ्रोपोएटिन हे 165 अमिनो आम्लांचं प्रोटीन बनतं. ते एका अवयवाचा निरोप दुसऱ्याकडे नेतं, म्हणजेच हार्मोन आहे. गर्भात ते मुख्यतः लिव्हरमध्ये आणि मोठेपणी किडनीत तयार होतं.

ते काम कसं करतं?

1. ऑक्सिजन पुरेसा असताना किडनीच्या पेशी एचआयएफ नावाचं प्रोटीन सतत मोडून टाकतात.
2. ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ टिकून राहतं आणि ईपीओ जीनचा वेग वाढवतं.
3. एरिथ्रोपोएटिन रक्तातून अस्थिमज्जेत पोहोचतं आणि तिथल्या पेशींच्या रिसेप्टरला चिकटतं. मग पेशीच्या आत जॅक2 हे एन्झाइम निरोप पुढे नेतं.
4. एरवी मरून गेल्या असत्या अशा पेशी तगतात आणि त्यांच्या लाल रक्तपेशी होतात.

लाल पेशी वाढल्या, ऑक्सिजन पुरेसा झाला, की जीन पुन्हा मंदावतो. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं.

औषध कसं आलं?

1977 मध्ये युजीन गोल्डवासर यांच्या गटाने सुमारे 2,550 लिटर मानवी लघवीतून जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन काढलं. एवढ्याशाने पेशंटचं कसं भागणार? 1985 पर्यंत जीन वेगळा करून तो हॅमस्टरच्या पेशींत घालता आला. या पेशी प्रोटीन बनवू लागल्या आणि 1989 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. डायलिसिसच्या पेशंटना वारंवार रक्त चढवण्याची गरज त्यामुळे खूप कमी झाली.

हे लक्षात ठेवा

- शरीरात लोह कमी असेल तर नुसत्या इंजेक्शनने फारसा फरक पडत नाही.
- जास्त डोस म्हणजे जास्त फायदा नव्हे. किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन औषधाने 11 च्या वर नेण्याचा प्रयत्न केल्यास स्ट्रोकचा आणि हृदयाचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावरच असतो.
- खेळात दम वाढवण्यासाठी ते घेणं म्हणजे डोपिंग. रक्त घट्ट होऊन गुठळी होऊ शकते.

म्हणून डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि हिमोग्लोबिनची तपासणी चुकवू नका.